प्रयुक्त क्रमांक सात

माणसाने माणसाला समजून घेणे, याहून थोर कार्य या जगात दुसरे नाही. हे वाक्य आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत मानसशास्त्र विभागाच्या पानावर छापलेलं होतं. पुढच्याच पानावर समाजशास्त्र विभाग होता आणि तिथेही तेच वाक्य होतं, फक्त 'माणसाला'च्या जागी 'समाजाला' घातलेलं. बी.ए.ला मी हे दोन्ही विषय घेतले तेव्हा थोर कार्य वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. अर्थशास्त्रात आलेख होते, भूगोलात नकाशे काढावे लागत, आणि संस्कृतच्या वर्गात तीनच विद्यार्थी असल्यामुळे रोज प्रश्न विचारला जाण्याचा धोका होता. उरलं ते मी घेतलं. घरी सांगताना मात्र मी माहितीपुस्तिकेतली दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली. माझे वडील सांगलीत एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि छापील वाक्याला मान देण्याची त्यांना नोकरीतूनच सवय होती. ते म्हणाले, "मोठा विषय आहे. जपून कर."

दोन्ही विभाग एकाच खोलीत होते. मध्ये प्लायवुडचा पडदा. सकाळी पडद्याच्या अलीकडे मॅडम मानसशास्त्र शिकवत आणि दुपारी पलीकडे सर समाजशास्त्र. मॅडमच्या मते जे काही घडतं ते माणसाच्या आत घडतं. सरांच्या मते आत काही नसतंच, सगळं बाहेरून येतं. पहिल्या वर्षी आमच्या वर्गातला एक मुलगा अचानक यायचा बंद झाला. मॅडम म्हणाल्या, प्रेरणेचा अभाव. सर म्हणाले, व्यवस्थेचा दोष. आम्ही दोन्ही लिहून घेतलं. महिन्याभराने तो मुलगा परत आला तेव्हा कळलं की त्याच्या गावची सकाळची एस.टी. बंद झाली होती आणि आता पुन्हा सुरू झाली होती. हे आम्ही लिहून घेतलं नाही, कारण ते परीक्षेला येणार नव्हतं.

पहिल्या दोन वर्षांतच मी वर्गातल्या एका मुलावर जळायला लागलो. तो आटपाडीचा होता. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तो हॉस्टेलवर राहायचा, पुस्तकं परीक्षेच्या आधी पंधरा दिवस उघडायचा, आणि बोलताना 'आहे'ला 'हाय' म्हणायचा. मी वाचनालयाचं कार्ड दोनदा भरून संपवलेलं होतं. त्याला कार्ड होतं का, हेच मला आठवत नाही. शाळेपासून मी हुशार म्हणून ओळखला जात होतो आणि खरं सांगायचं तर त्याखेरीज माझी दुसरी कसलीच ओळख नव्हती. त्यामुळे जे मला येत नाही ते याला न शिकता येतं, हे बघणं फार जड जात होतं.

म्हणजे काय येत होतं, तर लोक त्याच्याशी बोलायचे.

दुसऱ्या वर्षी समाजशास्त्राच्या पाहणीसाठी सर आम्हाला कुंडलला घेऊन गेले. माझ्याकडे बत्तीस प्रश्नांची प्रश्नावली होती, ती मीच तयार केली होती आणि सरांनी तिची स्तुती केली होती. एका घराच्या ओसरीवर एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नमस्कार केला आणि वाचलं, "आपल्या कुटुंबातील निर्णयप्रक्रियेत कोणकोणत्या घटकांचा सहभाग असतो?"

बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं. "काय म्हनतोय ह्यो?"

"मावशी, ह्यो इचारतोय, घरात कुनाचं चालतं?"

"कुनाचं चालतंय! भाईर मालकाचं. आत माजं. आन् म्हशीचं आमा दोघांवर."

तो ओसरीवर बसला आणि शेंगा फोडायला लागला. तासाभरात त्या बाईंनी त्याला सासूचं भांडण, वाटणीचं प्रकरण, मुलगा फौजेत भरती होताना घरात कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, सगळं सांगितलं. माझ्या बत्तीस प्रश्नांची उत्तरं त्यात होती, शिवाय मला न सुचलेल्या चाळीस प्रश्नांची. मी उभ्या उभ्या लिहून घेत होतो. निघताना बाईंनी त्याच्या खिशात शेंगा भरल्या. मला म्हणाल्या, "तुमी बी घ्या की सायेब." त्या 'सायेब'ने माझा दिवस खराब झाला.

माझ्या जळण्याला अभ्यासक्रमात जागा होती, हीच एक सोय. सकाळी मॅडमच्या तासाला तो न्यूनगंड असे आणि दुपारी सरांच्या तासाला सापेक्ष वंचितता. मधल्या सुट्टीत मी चहा घ्यायला जायचो तेव्हा ते नुसतंच जळणं असायचं.

तिसऱ्या वर्षी मानसशास्त्राचे प्रयोग सुरू झाले. प्रयोगाला जोडी लागते. एक प्रयोग घेणारा, आणि दुसरा ज्याच्यावर प्रयोग होतो तो. त्याला पुस्तकात प्रयुक्त म्हणतात. वर्गात अकरा मुली होत्या आणि आम्ही दोन मुलगे. मुलीची जोडी मुलाशी लावायची पद्धत आमच्या कॉलेजात नव्हती आणि कुणी तसं सुचवलंही नसतं. मुलींमध्ये एक कायम जास्त व्हायची, ती मॅडमबरोबर करायची, पण आमच्यात जास्तीचं कुणी नव्हतं. अशा रीतीने माझी जोडी वर्षभरासाठी आटपाडीशी लागली. आठवड्यातून दोनदा मी त्याची स्मरणशक्ती मोजायचो आणि तो माझी. माझी जास्त भरायची. त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही, उलट म्हणायचा, "लय भारी गड्या." एखाद्याने आपल्याशी स्पर्धाच करू नये, याच्याइतका अपमान नाही.

दिवाळीनंतर सूचना लागली. साताऱ्याला दोन्ही विषयांची मिळून एक मोठी परिषद भरणार होती आणि तिथे प्रत्येक कॉलेजच्या एका विद्यार्थ्याला स्वतःचा निबंध वाचायला मिळणार होता. अट एकच, निबंध दोन्ही विषयांना धरून हवा. मला ती सूचना माझ्यासाठीच लावल्यासारखी वाटली. साताऱ्याला माझी आत्या राहायची. वडिलांनी त्याच संध्याकाळी तिला पोस्टकार्ड टाकलं, की चिरंजीव परिषदेत निबंध वाचण्यासाठी येत आहेत. निवड व्हायला अजून महिना होता. मी त्यांना थांबवलं नाही.

मी विषय घेतला 'नागर जीवनातील एकाकीपण'. आम्ही दोन खोल्यांत सहा जण राहत होतो आणि एकाकीपण मिळावं म्हणून मी वाचनालयात जात असे. तिथे बसून मी ते पंचवीस पानं लिहून काढलं.

त्याचा विषय मला त्याने चहा पिताना सांगितला. आमच्याकडे एक जुना प्रयोग होता. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी काढलेली असते. आपल्या हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरतात आणि समोर आरसा ठेवतात. फक्त आरशात बघून त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे हात भलतीकडे जातो. पेन्सिल रेघ ओलांडून गेली की एक चूक. चुका कागदावरच राहतात, नंतर मोजता येतात.

"मी काय म्हनतो," तो म्हणाला, "एकदा मानसाला येकट्यालाच खोलीत बशिवायचं. परत त्यालाच चार मानसांच्या म्होरं बशिवायचं. कवा जास्त चुकतोय ते बघायचं. माजं मत हाय, ज्याचं गावात नाव हाय त्यो लोकांम्होरं जास्त चुकनार. ज्याला कुनी इचारत न्हाई त्यो न्हाई चुकनार. हात मॅडमचा, लोक सरांचे. दोनी इषय बसले का न्हाई?"

बसले होते. अगदी चपखल बसले होते. मी म्हणालो, "जरा बाळबोध वाटतंय."

"व्हय, तेच म्हनतोय. सोपं हाय."

दर रविवारी तो आटपाडीला जाऊन गावातल्या केशकर्तनालयात प्रयोग घ्यायचा. आरसा तिथलाच, बघणारे लोकही तिथलेच. कॉलेजात त्याने मुलींवर घेतला, शिपायावर घेतला, आणि मग मला म्हणाला, "तुला सातवा धरतो. तुजं तर कॉलेजात नाव हाय."

मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून जे केलं ते या लेखात पहिल्यांदाच लिहितो आहे. मी त्याचा तक्ता बिघडवायचं ठरवलं. त्याचं म्हणणं खरं असेल तर मी एकट्याने कमी आणि लोकांसमोर जास्त चुकायला हवं होतं. मी बरोबर उलटं करणार होतो. एकट्याने वाटेल तितकं चुकणं सोपं होतं. पण चार जणांसमोर आरशात बघून सरळ चांदणी काढायची, तर ती आधी यायला हवी. म्हणून आठ दिवस मी घरी दार लोटून, आईचा भिंतीवरचा आरसा टेबलावर ठेवून चांदण्या काढत बसलो. एकाकीपणाच्या निबंधाचा समारोप लिहायचा राहिला होता, तो तसाच राहिला. आई एक-दोनदा डोकावून गेली. मी म्हणालो, अभ्यास आहे. ते काही खोटं नव्हतं. वर्षभरात मी इतका अभ्यास कशाचाच केला नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी एकट्याने काढताना मी पेन्सिल मोकळी सोडली. छत्तीस चुका झाल्या. मग वर्गातल्या चार मुली भोवती उभ्या राहिल्या आणि मी एका दमात चांदणी पूर्ण केली. एक चूक मात्र मुद्दाम ठेवली, कारण पूर्ण निर्दोष काम संशयास्पद दिसतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, "अय्या, किती सरळ!" माझं कॉलेजातलं हे सगळ्यात मोठं यश होतं आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाला, "लय भारी गड्या."

दोन दिवसांनी तो माझी वही परत करायला घरी आला. मी नव्हतो. परत आलो तर आई खुशीत होती. "किती मोकळा मुलगा आहे रे. दोन तास बसला होता. लसूण सोलून दिला मला." पुढे एकदा बोलता बोलता तोच मला म्हणाला, की सातवीतून शाळेतनं काढलं तवा तुझी आई आठ दिवस रडत हुती म्हनं. माझ्या आईची ही गोष्ट मला आटपाडीच्या मुलाकडून कळली. मी तिला कधी विचारलं नव्हतं. माझ्या बत्तीस प्रश्नांत तो प्रश्नही नव्हता.

निवडीच्या दिवशी पडद्याच्या अलीकडे मॅडम आणि सर शेजारी शेजारी बसले, तेवढ्यापुरतं आत आणि बाहेर एकत्र आलं. मी पंचवीस पानांतली दहा वाचली. सर म्हणाले, "भाषा चांगली आहे." मॅडम म्हणाल्या, "संदर्भ भरपूर आहेत." मराठीत याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होतं. त्याने चार पानं वाचली. माझ्या आकड्यांपाशी तो अडखळेल म्हणून मी वाट बघत होतो, पण त्याने आकडे वाचलेच नाहीत, तक्ता नुसता मॅडमच्या हातात दिला. सर त्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारत होते, मॅडम सरांना थांबवून उत्तरं देत होत्या. मला कुणीच थांबवलं नव्हतं.

निवड त्याची झाली. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकट्या विद्यार्थ्याला पाठवायचं नाही असा नियम आहे. तू सोबत जा. तुझी आत्या आहेच साताऱ्यात."

कऱ्हाडमार्गे एस.टी.ने आम्ही साताऱ्याला पोचलो. दारातच आत्याने मला भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणीला हाक मारली, "हाच हो आमचा भाचा, परिषदेत वाचायला आलाय!" मी वाकून नमस्कार केला, म्हणजे चेहरा खाली राहिला. तो माझ्या पिशव्या घेऊन मागे उभा होता. आतोबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी "काय, बरं आहे ना?" याच्या पुढे गेले नव्हते. त्याच्या वडिलांची पलटण ऐकल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आणि जेवणं होईपर्यंत दोघं पठाणकोटला होते.

सकाळी निघताना आत्याने माझ्या तळहातावर दही ठेवलं. "नीट वाच हो. घाबरू नकोस." मी दही खाल्लं. त्याने हात पुढे केला.

"मला बी द्या की आत्या. मी लय घाबरलोय."

"तुला रे कशाची भीती?"

"स्टेजवर जायचंय न्हवं."

"मग हा?"

"ह्यो सोबत हाय मला. ह्यो हाय म्हनून तर आलो."

आत्याने त्याच्या हातावर दही घातलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि भांडं आत नेऊन ठेवलं. माझी बाजू इतक्या सभ्यपणे कुणी उघडी पाडली नव्हती. त्यावरही मी जळलो.

परिषद दहाला सुरू व्हायची होती, प्रमुख पाहुणे बाराला आले. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंख्याने ज्योत विझली. पंखा बंद केला तर पाहुण्यांना उकडायला लागलं, म्हणून पुन्हा सुरू केला, पुन्हा ज्योत विझली. शेवटी एकाने समईपुढे हार धरून उभं राहायचं ठरलं. मग शाली झाल्या, नारळ झाले, ज्यांना शाल मिळाली त्यांनी ज्यांनी दिली त्यांना शाल दिली. पाहुण्यांनी 'तरुणांनी थोडक्यात बोलायला शिकावं' या विषयावर तास घेतला. त्यानंतर जाहीर झालं की वेळेअभावी विद्यार्थ्यांनी आपले निबंध तीन मिनिटांत आटोपावेत.

सगळे वेगाने वाचायला लागले. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि केशकर्तनालयातली एकच हकिगत सांगितली. एका जुन्या फौजी काकांनी एकट्याने बिनचूक चांदणी काढली होती. मग गिऱ्हाईकं भोवती जमली तर अकरा वेळा रेघ सोडली, आणि शेवटी आरसाच बाद आहे असं सांगून नाभिकाला झाडलं. सभागृह हसलं. प्रमुख पाहुणे जागे होऊन हसले. मीही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांनंतर सुरू केल्या आणि सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

निबंधांच्या चक्रमुद्रित प्रती वाटल्या होत्या. मी त्याच्या तक्त्यात माझा नंबर शोधला. पाच, सहा, आठ, नऊ. खाली बारीक अक्षरांत तळटीप होती: प्रयुक्त क्रमांक सात यांना प्रयोगाच्या दिवशी सर्दी असल्याने त्यांचे निकाल धरलेले नाहीत.

परतीच्या गाडीत पेठनाका येईपर्यंत मी ती तळटीप पुन्हा पुन्हा वाचली. मग विचारलं, "मला सर्दी कधी झाली होती?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "मॅडमनी इचारलं, सातवा असा उलटा कसा? कारन लिव्हायलाच लागतं म्हनल्या. आता मित्र जळतोय असं कसं लिव्हू? मंग सर्दी लिव्हली."

"तुला कसं कळलं?"

"तुज्या आईनं सांगितलं. लसूण सोलताना. म्हनल्या, पोरगं आठ दिस आरशाम्होरं चांदन्या काडत हुतं, एवडी कसली रं परीक्षा?" मग तो माझ्याकडे वळला. "पन लय सरळ काडलीस गड्या. आठ दिवसांत मला न्हाई जमली."

मला त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तो खरंच कौतुक करत होता. आटपाडीत मी असतो आणि सांगलीत तो असता, तर मीही असाच मोकळा झालो असतो का, असा एक समाजशास्त्रीय प्रश्न मी इस्लामपूरपर्यंत स्वतःला विचारत राहिलो. त्याने तोपर्यंत शेजारच्या बाईंचं लेकरू मांडीवर घेतलं होतं.

जूनमध्ये मी गुणपत्रिका आणायला कॉलेजात गेलो. मला त्याच्यापेक्षा नऊ गुण जास्त होते. ते सांगायला मी विभागात गेलो, पण तिथे कुणी नव्हतं. भिंतीवर प्रयोगासंबंधीच्या सूचनांचा नवा फलक लावलेला होता, मॅडमच्या अक्षरात. त्यात पाचवी सूचना अशी होती: प्रयुक्तास सर्दी असल्यास प्रयोग घेऊ नये.